शनिवारी घरी पळू नकोस

तुझा प्रश्न वाचला. साक्रीजवळचं गाव, जळगावला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, मुलींच्या वसतिगृहात चौघींची खोली, येऊन जेमतेम महिना झालेला. एक रूम पार्टनर रात्री दोनपर्यंत लाइट चालू ठेवते, मेसची भाजी घशाखाली उतरत नाही, सिनियर मुली ‘इंट्रो’साठी खोलीत बोलावतात, आणि दर शनिवारी घरी गेलीस की सोमवारी परत यावंसं वाटत नाही. वडील म्हणतात, आणखी दोन मैत्रिणींना घेऊन शहरात खोली घे. घ्यावी का?

नको. निदान पहिलं वर्ष तरी नको. आणि तुझ्या यादीत शेवटी लिहिलेली शनिवारची गोष्ट मी सगळ्यात वर घेते, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारी तिच्याच पोटात आहेत.

मी शहाद्याकडची. धुळ्याला वसतिगृहात राहून शिकले, आता नोकरी जळगावात. नात्यातली, गावातली कुणी मुलगी इकडे शिकायला आली की तिला वसतिगृहात सोडायला, गादी घेऊन द्यायला आणि रडली तर समजवायला माझीच नेमणूक असते. त्यामुळे हे रडणं मला पाठ आहे. पुण्याला गेलेली मुलगी पहिले पंधरा दिवस रडते आणि मग दिवाळीपर्यंत तिकडचीच होते. आपल्या खान्देशातल्या खान्देशात शिकणारी मुलगी मात्र वर्षभर थोडं थोडं रडत राहते. कारण घर फार जवळ असतं. कुणाचं गाव दोन तासांवर, कुणाचं चार. तुला धुळ्याला गाडी बदलायची, एवढाच काय तो त्रास. त्यात २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. न जायला कारणच उरत नाही.

मग आठवडा कसा जातो बघ. सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचं, अर्ध्या झोपेत लेक्चरला बसायचं. मंगळवारी कपडे लावायचे, बुधवारी जरा बरं वाटायचं, गुरुवारी कुणीतरी विचारतं, ‘तू कितीच्या गाडीने जाणार?’ आणि शुक्रवारी बॅग भरलेली. असं सहा महिने केलंस तरी वसतिगृह तुझ्यासाठी धर्मशाळाच राहणार. तिथली कॉट, तिथलं कपाट, तिथल्या मुली, काहीच आपलं वाटत नाही. मेसची भाजी घशाखाली न उतरण्यात भाजीचा वाटा अर्धाच असतो. उरलेला अर्धा हा, की कालच घरी आईच्या हातचं खाल्लेलं असतं.

शनिवारी दुपारनंतर वसतिगृहात मागे कोण राहतं ते एकदा थांबून पाहा. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या मुली राहतात, कारण जळगावहून त्यांचा जायचाच एक दिवस मोडतो. प्रवेशाच्या फेऱ्यांमधून विदर्भ, मराठवाड्यातून आलेल्या राहतात. एखादी अशी राहते जिला घरी जायचंच नसतं, तिला कारण विचारायचं नाही. मैत्री जी काही होते ती याच दोन दिवसांत होते. कपडे धुणं, एकमेकींच्या डोक्याला तेल लावणं, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून कुणाच्या तरी डब्यातला चिवडा आणि केळ्याचे वेफर्स मिळून संपवणं. सोमवार ते शुक्रवार सगळ्याच घाईत असतात, तेव्हा फक्त ओळख होते.

म्हणून माझं म्हणणं: सलग तीन शनिवार-रविवार जाऊ नकोस. चौथ्याला जा. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला, पोळ्याला, घरात काही कार्य असेल तर जरूर जा, त्याला कोण नाही म्हणणार? पण ‘कंटाळा आला’ म्हणून जाऊ नकोस. थांबलीस तर रविवार खोलीत लोळण्यात घालवू नकोस. मेहरूण तलावावर जा, जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ पाहा, चौघीपाचजणी जमल्या तर एरंडोलजवळचं पद्मालय किंवा चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम करून या. जळगावला आलेल्या कितीतरी मुली चार वर्षं काढून जातात आणि त्यांना बसस्टँड, कॉलेज आणि एक झेरॉक्सवाला एवढंच जळगाव माहीत असतं.

घरी फोन करायची वेळही बदल. दिवेलागणीला करतेस ना? सगळ्या तेव्हाच करतात. तिकडून आई म्हणते, ‘माय, जेवनी का?’ आणि इकडे गळा दाटतो. तिला वाटतं पोरीला त्रास आहे, ती वडिलांना सांगते, आणि दुसऱ्या दिवशी खोली शोधायची भाषा सुरू होते. संध्याकाळी सहा ते आठ ही वसतिगृहातली सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळी खोलीत बसूच नकोस. लायब्ररी, मैदान, नाहीतर नुसत्या आवारात फेऱ्या. फोन जेवण झाल्यावर कर. पोट भरलेलं असलं की आवाज वेगळा येतो, घरचेही निर्धास्त झोपतात.

आता लाइटवाली. तिला रात्री दोन वाजता काही सांगू नकोस. तेव्हा तुम्ही दोघीही माणसात नसता. दुपारी, चहा पिताना सांग, आणि ‘तुझ्यामुळे’ या शब्दाने सुरुवात करू नकोस. सरळ एक तोडगा ठेव: साडेअकरानंतर ट्यूबलाइट बंद, जिला वाचायचं तिने टेबल लॅम्प लावायचा, गजर वाजला की पहिल्याच वेळी उठून बंद करायचा, फोनवर बोलायचं ते बाहेर व्हरांड्यात. चौघींनी मिळून ठरवलं तर ते टिकतं. तू एकटीने रेक्टरबाईंकडे जाऊन ठरवून आणलंस तर लाइट बंद होईल, पण खोलीतलं बोलणंही बंद होईल. रेक्टरकडे जायचं ते दोनदा नीट सांगूनही फरक पडला नाही तर, किंवा चोरी, शिवीगाळ, हात उचलणं असं काही असेल तर. तेव्हा मात्र लगेच जायचं, आणि लेखी द्यायचं.

खोलीत तिघी विरुद्ध एक होऊ देऊ नका. आपल्याकडे हे नकळत होतं आणि त्याचं एक कारण भाषा. समज, दोघी अहिराणी बोलणाऱ्या, एक यावल-रावेरकडची लेवा गणबोलीवाली, चौथी धडगावची, तिच्या घरी पावरी. दोघी आपसात अहिराणीत हसल्या की चौथीला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. तुमच्या मनातही नसतं, पण तिच्या मनात महिनाभर राहतं. सगळ्या असताना सगळ्यांना कळेल असं बोला. आणि तिच्याकडून चार शब्द शिका, ती पहिल्यांदाच मोकळी हसलेली दिसेल.

जेवणाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. मेस सगळीकडे सारखीच. पोळी वातड, वरण पातळ, बटाटा रोजचा. आपण पडलो भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर वाढलेले, त्यामुळे तोंड वाकडं होणारच. पण उपाय आपल्याच घरात आहे. घरून येताना भाजी-पोळीचा डबा आणू नकोस, तो दुसऱ्या दिवशी संपतो किंवा आंबतो. कोरडी लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि एक मोठा डबा तिखट जाड शेव आण. मेसचा कसलाही रस्सा असो, त्यात शेव टाकली की तो खाण्यालायक होतो. (काळा मसाला आणून चोरून हीटरवर भाजी करायच्या फंदात पडू नकोस. खोलीत हीटर किंवा पाणी तापवायचा रॉड सापडला की जप्त होतो, दंड होतो, आणि वायरिंग जळालं तर अख्ख्या मजल्याच्या शिव्या खाव्या लागतात.) मेस कमिटीत पहिल्या वर्षाची एखादी मुलगी घेतात का, तेही विचार. घेत असतील तर नाव दे. भाजी बदलते ती तिथे बसून, खोलीत कुरकुरून नाही.

पाण्याचं मात्र बघ. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. केस गळायला लागले की लगेच घाबरून औषधं सुरू करतात मुली. आधी शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेऊन बघ. प्यायचं पाणी कुठल्या नळाचं आहे ते पहिल्या दिवशी विचारायचं असतं. विचारलं नसशील तर आज विचार.

इंट्रोबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. येता-जाता नाव, गाव, कुठल्या कॉलेजातून आलीस हे विचारणं ठीक. त्याच सिनियर पुढे नोट्स देतात, आजारी पडलीस तर दवाखान्यात नेतात. पण रात्री खोलीत बोलावून उभं करणं, नाच-गाणं करायला लावणं, त्यांचे कपडे धुवायला किंवा जर्नल लिहायला लावणं, लाज वाटेल असे प्रश्न विचारणं, तुझ्या बोलीची नक्कल किंवा जातीवरून टोमणे, हे रॅगिंग आहे, मग त्याला ‘गंमत’ म्हणोत की ‘परंपरा’. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोष सिद्ध झाला तर त्या मुलीचं नाव कॉलेजातून निघतं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं प्राचार्यांवर बंधनकारक आहे. त्याशिवाय यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम आहेतच. प्रवेशाच्या वेळी तू आणि वडिलांनी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सह्या केल्या असतील, तशाच त्या सिनियरनीही केल्या आहेत. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, दिवसरात्र चालू असते. पुढच्या वेळी बोलावलं तर ‘उद्या दुपारी कॅन्टीनला भेटते ताई’ म्हण. चांगल्या मनाची असेल ती कॅन्टीनला येईल. जी येणार नाही, तिच्याबद्दल तुला कळलंच.

आता खोलीचं. वडिलांचा हेतू चांगला आहे, पण हिशेब अर्धा आहे. भाडं दिसतं, डिपॉझिट दिसतं. गॅस, भांडी, सकाळचा स्वयंपाक, घरमालकाचे नियम, परीक्षेच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी, हे दिसत नाही. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही हे घरमालक भाड्याने देताना सांगत नाही. आणि तिघींपैकी एकीचं बिनसलं, ती निघून गेली, की तिच्या वाट्याचं भाडं तुम्हा दोघींवर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, माणसं ओळखता यायला लागल्यावर घ्या हवी तर. तेव्हा मी स्वतः बघून देईन.

पैशांची ओढाताण असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि त्यावर मार्ग आहेत. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी, वडील अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ. आदिवासी विकास विभागाची आणि समाजकल्याणची वसतिगृहं आहेतच. तिथे जागा मिळाली नाही तर आदिवासी मुलींना स्वयंम, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींना स्वाधार, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना. प्रत्येकीचे निकष वेगळे आहेत, अर्ज करण्याआधी वाचून घे. तुझ्या खोलीतल्या बाकी तिघींनाही विचार, पात्र असून अर्ज न करणाऱ्या मुली मला दर वर्षी भेटतात.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवते, कारण खोल्या बदलायची संधी बहुतेक वेळा सेमिस्टर संपताना मिळते. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळ. गच्चीखालच्या खोलीत हवा छान येते म्हणून मुली हिवाळ्यात ती हौसेने मागतात. मग एप्रिल-मे येतो, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, स्लॅब रात्री एकपर्यंत तापलेला असतो आणि नेमकी तेव्हाच परीक्षा. कूलरला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. खिडकीला ओली चादर किंवा वाळ्याचा पडदा, संध्याकाळी फरशीवर पाणी, आणि अभ्यास पहाटे चार ते नऊ. दुपारी लायब्ररीत जाऊन बस, तिथले पंखे मोठे असतात.

वडिलांना एवढंच सांग, की दिवाळीपर्यंत थांबा, सुट्टीत घरी आले की बोलू. आणि निर्वाह भत्त्याला अर्ज करणार असशील तर रेक्टरबाईंकडे वसतिगृहात राहत असल्याच्या दाखल्यासाठी उद्याच अर्ज दे. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर तो जोडावा लागतो, उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला गावाकडून काढायला वेळ लागतो, आणि शेवटच्या दिवशी ती वेबसाइट उघडत नाही.