येशू स्वतः देव असेल, तर गेथशेमाने बागेत तो प्रार्थना कोणाची करत होता?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोक येशूला देव मानतात, मग अटकेच्या रात्री बागेत गुडघे टेकून तो विनवणी कोणाला करत होता, स्वतःलाच का? मी ख्रिस्ती घरातला आहे. सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात) शिकलेलो नाही, पण हा प्रश्न मित्रांनी इतक्यांदा विचारलाय की शेवटी बसून वाचावं लागलं.

सरळ उत्तर: पित्याला. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव एकच आहे, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन सोंगं नव्हेत. तीन सोंगं आहेत असं म्हणणारे लोकही होते. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियसच्या नावावर ते मत चालायचं, आणि त्याला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप तुमचाच होता, की मग येशूची प्रार्थना निव्वळ देखावा ठरते. माणूस झाला तो पुत्र, पिता नव्हे. पुत्र पित्याशी बोलत होता.

बरेच जण इथे थांबतात. मला वाटतं, खरी अडचण इथून पुढे आहे. लूकच्या शुभवर्तमानातलं (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) वाक्य बघा: ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ प्याला म्हणजे समोर येऊन ठेपलेलं मरण. वाक्यात उघड दोन इच्छा आहेत. पण पिता आणि पुत्र यांचं देवपण एकच असेल, तर त्या देवपणाची इच्छाही एकच हवी. मग मरण टाळू बघणारी ही दुसरी इच्छा आली कुठून?

या एका वाक्यावरून सातव्या शतकात एका म्हाताऱ्या संन्याशाची जीभ कापली गेली. त्याचं नाव मॅक्सिमस.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. इ.स. ४५१ मध्ये खाल्कीदोन इथे (आजच्या इस्तंबूलमधलं कडीकोय) धर्मसभा भरली आणि तिने ठरवलं की ख्रिस्त ही एकच व्यक्ती, पण स्वभाव (म्हणजे मूळ स्वरूप, वागण्याची तऱ्हा नव्हे) दोन, पूर्ण देवाचा आणि पूर्ण माणसाचा. इजिप्त आणि सीरियातल्या पुष्कळ मंडळींना हे पटलं नाही. त्यांना यात ख्रिस्ताचे दोन तुकडे केल्यासारखं वाटलं. (ती फूट अजून मिटलेली नाही. केरळचं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च, ज्याच्या मंडळ्या मुंबई-पुण्यातही आहेत, खाल्कीदोन मानत नाही. येशूला खरा देव आणि खरा माणूस मात्र तेही मानतात.) नेमके हेच प्रांत सातव्या शतकात आधी इराण्यांनी आणि मग अरबांनी घेतले. पूर्व रोमन सम्राट हेराक्लियसला काहीही करून ही मंडळी जवळ हवी होती. म्हणून ६३८ च्या फर्मानात तडजोड निघाली: स्वभाव दोन म्हणा, पण ख्रिस्ताची इच्छा एकच होती असं मान्य करा. त्याचा नातू कॉन्स्टन्स दुसरा याने ६४८ मध्ये त्याहून सोपा मार्ग काढला. इच्छा एक की दोन, हा विषयच कोणी काढायचा नाही! राजकारण म्हणून यात मला काही वेडेपणा दिसत नाही. राज्य बुडत असताना बारीक वाद कोणाला हवेत?

मॅक्सिमसने ऐकलं नाही, आणि त्याचं बोट होतं बागेतल्या त्या प्रार्थनेवर. ख्रिस्ताला फक्त देवाची इच्छा होती असं म्हटलं, तर ‘माझी इच्छा नको’ हे शब्द पोकळ होतात. दोन इच्छा मानल्या, तर प्याला टाळावासा वाटणारी इच्छा माणसाची ठरते, येशूची स्वतःची, खरीखुरी. त्याने पुढे जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: मरणापासून मागे सरणं हे पाप नाही. खोल विहिरीत डोकावताना आपला पाय आपोआप मागे येतो, तसं ते आहे, जिवंत शरीराचं लक्षण. येशूने ती भीती दाबली नाही, बोलून दाखवली आणि त्याच माणसाच्या इच्छेने पित्याला होकार दिला.

होकार माणसाच्याच इच्छेचा का हवा? कारण बायबलमधल्या पहिल्या माणसाने, आदामाने, देवाला नकार दिला तो माणसाच्या इच्छेने. बिघाड जिथे झाला, दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी हा बिशप हेच वेगळ्या वादात म्हणाला होता: ख्रिस्ताने माणसाचं जे आपलंसं केलं नाही, ते बरंही झालं नाही. तेव्हा समोर अपोलिनारिस होता. त्याच्या मते येशूचं शरीर माणसाचं, पण बुद्धीच्या जागी थेट देवाचा शब्द, म्हणजे पुत्र. मॅक्सिमसने तोच नियम इच्छेला लावला.

परिणाम भयंकर झाले. ६४९ मध्ये रोममधल्या सभेत पोप मार्टिन मॅक्सिमसच्या बाजूने उभा राहिला. सम्राटाच्या माणसांनी त्याला धरून कॉन्स्टॅन्टिनोपलला नेलं, नंतर क्रिमियात हद्दपार केलं आणि ६५५ मध्ये तो तिथेच मेला. मॅक्सिमसला ६६२ मध्ये शिक्षा झाली. बोलू नये म्हणून जीभ कापली, लिहू नये म्हणून उजवा हात. ऐंशीच्या पुढच्या त्या माणसाला कॉकेशसकडे पाठवलं आणि त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. ६८०-८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या धर्मसभेने मात्र दोन इच्छांचं मतच खरं धरलं, आणि एका दिवंगत पोपलाही, ओनोरियसला, एक इच्छा म्हटल्याबद्दल दोषी ठरवलं.

म्हणून ‘येशूला प्रार्थनेची गरज नव्हती, तो फक्त आपल्यासाठी उदाहरण घालून देत होता’ हे उत्तर मला लंगडं वाटतं. आमच्याकडचे लोकही ते सर्रास देतात, आणि जुन्या धर्मपित्यांतही ते सापडतं. उदाहरण त्यात आहेच. पण नुसतं उदाहरण असेल, तर घाम आणि थरथर खोटी ठरते. मार्कने तर स्पष्ट लिहिलंय की तो फार अस्वस्थ आणि कासावीस झाला. (रक्ताच्या थेंबांसारख्या घामाचं वर्णन फक्त लूकमध्ये आहे, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत त्या ओळी नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर फार भार टाकू नये.)

राम-कृष्णांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हे अवतारासारखंच वाटेल, आणि साम्य आहेही. पण अध्यात्मरामायणासारख्या ग्रंथात सीतेसाठी रामाचं रडणं ही लीला आहे, आतून तो सर्व जाणतो. ख्रिस्ती मतात बागेतली तळमळ लीला मानता येत नाही. शिवाय इथे कार्य संपल्यावर देह सोडणं नाही. पुनरुत्थानानंतरही तो माणूसच आहे, जखमांच्या खुणांसकट, आणि स्वर्गारोहणानंतरही. ही गोष्ट चर्चला नेमाने जाणाऱ्यांनाही सांगितली की दचकतात.

आता तुम्ही म्हणाल, देवपण आणि माणूसपण एका व्यक्तीत राहतात तरी कसे? याचं स्पष्टीकरण खाल्कीदोनने दिलेलंच नाही. तिथल्या मजकुरात चार नकार आहेत: सरमिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. बस. ज्यू किंवा मुसलमान विचारवंत म्हणतात की हा तर्कातला विरोध आहे, तेव्हा मी त्यांना उडवून लावत नाही. मला तो विरोध वाटत नाही, कारण एकाच स्वभावाबद्दल ‘आहे’ आणि ‘नाही’ असं इथे म्हटलेलं नाही. पण हे कोणाला पटवून देता येईल असं मी समजत नाही.

मूळ मजकूर वाचायचा असेल तर मार्कचा चौदावा अध्याय घ्या, मग इब्री लोकांस पत्राचा पाचवा. तिथे म्हटलंय की पुत्र असूनही तो सोसलेल्या दुःखांतून आज्ञापालन शिकला. ‘शिकला’ या क्रियापदावर माझे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी अजून वाद होतात.