गड नको गं बाई, माळावरनं चालू

मागच्या वेळी पन्हाळा ते पावनखिंड चालायचं कसं ते लिहिलं आणि त्याच्यावर आलेल्या निम्म्या पत्रांचा सूर एकच, ताई, हे सगळं ठीक आहे पण आम्हाला झेपेल असं काहीतरी सांगा की. म्हणून या खेपेला सगळे प्रश्न सोप्या वाटांचेच घेतलेत. गड एकपण नाही. (पन्हाळा येतोय मधे, पण नुसता वाटेत.)

प्रश्न : आम्ही राजारामपुरीतल्या सहा जणी, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. रविवारी सकाळी कुठंतरी जायचं म्हणतो पण गुडघ्यात दम कुणाच्याच नाही. रंकाळ्याला फेऱ्या मारून कंटाळा आलाय, तिथं चालण्यापेक्षा ओळखीच्यांना नमस्कार करण्यातच वेळ जातोय. जवळचं, चढ नसलेलं, पाणी-झाडं असलेलं सांगा.

काकू, नमस्काराचं अगदी पटलं, माझी तर रंकाळ्यावर एक फेरी पूर्ण होईपर्यंत दोन लग्नं ठरलेली आणि एक मोडलेलं कळतं.

तुम्ही कळंब्याला जा. कोल्हापुरात कळंबा म्हटलं की लोकांना आधी जेल आठवतं, तलाव नंतर, आणि म्हणूनच तिथं गर्दी रंकाळ्याच्या मानानं कमी. गारगोटी रोडनं केएमटीच्या बसनं जाता येतं. बांधावरनं चालायचं, एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, चढ असा काही नाहीच. सकाळी सातच्या आत पोचलात तर पाण्यावर काळे काळे पक्षी दिसतील, कपाळावर पांढरा टिळा लावलेले, त्यांना वारकरीच म्हणतात, आणि त्यांच्यातच एक अगदी मुठीएवढी टिबुकली असते, ती बुडी मारते आणि आपण म्हणतो आता इथं वर येणार, तर ती भलतीकडंच निघते. आम्ही पैज लावतो, हरणाऱ्यानं चहा पाजायचा. अजूनपर्यंत जास्त चहा मीच पाजलाय.

आता जरा विषयांतर करते पण कोल्हापूरकरांना हे माहीत पाहिजे असं मला वाटतं. कळंब्यात पाणी येतं ते कात्यायनीच्या डोंगराकडनं, आणि तलाव भरून सांडव्यावरनं वाहायला लागला की तेच पाणी पुढं जयंती नाला होऊन शहरातनं जातं आणि पंचगंगेला मिळतं. म्हणजे ज्या नाल्याच्या पुलावरनं जाताना आपण पदर नाकाला लावतो तो वर डोंगराकडं चांगला नितळ ओढा आहे, तळातले खडे मोजावेत असा. अठराव्या शतकाच्या शेवटी कात्यायनीच्या झऱ्यांचं पाणी पाटानं शहरात आणलेलं होतं, लोक तेच प्यायचे. मी पहिल्यांदा तो ओढा बघितला तेव्हा मला खरं सांगते जरा लाजच वाटली.

तर कळंबा चार-पाच रविवार जमला की मग कात्यायनीच्या देवळाकडं जायचं. देवळापर्यंत गाडी जाते, तिथनं पुढं माळ आणि ओढ्याकडंनं जेवढं जमेल तेवढं चालायचं आणि परत फिरायचं, कुठं पोचायचंच असं काही नाही. फक्त ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ असतंय. चार वर्षांपूर्वी मी कोल्हापुरी चप्पल घालून ओढा ओलांडायला गेले, कातडं भिजून फुगलं, पाय आतल्या आत सरकला आणि मी डब्याच्या पिशवीसकट पाण्यात बसले. मैत्रिणींनी आधी डबा उघडून बघितला, थालीपीठ भिजलं का ते, मग मला उठवलं. चप्पल पायात मिरवायला लाख चांगली हो, पण ओढ्यात रबरी तळाचे साधे बूट घाला आणि दगडावरनं उड्या मारण्यापेक्षा सरळ पाण्यात पाय घालून, काठी टेकत जा. पाणी घोट्याच्या वर असेल तर जायचंच नाही, आणि स्वच्छ वाहणारं पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा यायला लागला तर वर कुठंतरी पाऊस झालाय, लगेच काठावर.

प्रश्न : मी इचलकरंजीला कॉलेजला आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जायचं तर खर्च फार होतो आणि गर्दी पण. मसाई पठारावर तशीच फुलं असतात का? कधी जावं? बाईकवरनं थेट वर जाता येतं असं ऐकलंय.

भावा, तशीच असतात का म्हणशील तर थोडी तशी थोडी वेगळी, पण कासशी तुलना केलीस की मजा गेली. ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात हा सीझन, पाऊस कसा पडला त्याच्यावर आठ-दहा दिवस इकडंतिकडं. कोल्हापूर ते पन्हाळा २० किलोमीटर, तिथनं पुढं म्हाळुंग्याकडनं मसाईवर. हीच पावनखिंडीची वाट, १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटून विशाळगडाकडं गेले तेव्हा याच पठारावरनं गेले, तेही रात्रीचे आणि भर पावसात, त्यामुळं दिवसाढवळ्या चार किलोमीटर चालून दमलो म्हणायला आपल्याला तोंड नाही.

बाईकचं म्हणशील तर रस्ता वरपर्यंत जातो हे खरंय पण पठारावर गाडी घालू नको, अगदी हात जोडून सांगते. वरनं सगळं हिरवंगार दिसतं म्हणून वाटतं भरपूर माती असेल, पण खाली जांभ्याचा सलग कातळ आहे आणि त्याच्यावर कुठं चार बोटं तर कुठं नुसती नखभर माती, आणि सगळी फुलं त्या नखभर मातीवर. एकदा चाक गेलं की ती माती पहिल्या पावसात वाहून जाते आणि पुढच्या वर्षी तिथं काळा दगड. मी मागच्या खेपेला बघितलं, फुलांच्या मधोमध टायरच्या दोन पट्ट्या, आणि त्यात एक फूल नाही.

वर गेलास की उभ्यानं फोटो काढून परत फिरू नको, गुडघ्यावर बस. कातळावर पाणी साचलेलं असतं त्याच्या कडेला निळी-जांभळी बारकी फुलं दिसतील, सीतेची आसवं म्हणतात त्याला. दिसायला एवढीशी, पण खाली ओल्या मातीत त्याला टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले किडे त्यात ओढून घेऊन खातंय ते. कातळावर खायला काही मिळत नाही म्हणून झाडानं काढलेली युक्ती. नाव सीतेचं आणि काम असलं! त्याच्याच आसपास पांढरे गेंद, तेरडा, उशिरा गेलास तर पिवळी सोनकी.

एक धोका मात्र आहे आणि तो चढाचा नाही, सपाटीचा. धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि पठार सगळीकडं सारखंच, आणि कडेला सरळ दरी. मसाईचं देऊळ दिसेनासं झालं की आहे तिथं थांबायचं, शेंगदाणे खायचे, धुकं सरलं की मळलेल्या वाटेनंच परत. शॉर्टकट नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. धरण दाखवायचंय. राधानगरी बरं पडेल का?

बरं पडेल, पण ५०-५५ किलोमीटर आहे तेव्हा सकाळी लवकर निघा, नाहीतर मुलं गाडीतच संपतात. मुलांना सांगण्यासारखं तिथं खूप आहे. शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमाराला भोगावतीवर हे धरण बांधायचं ठरवलं, ते पूर्ण झालं पुढं कित्येक वर्षांनी. त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात, पाणी एका पातळीला आलं की पाण्याच्याच भारानं, कुणी बटण दाबत नाही. तुमच्या मुलाला हे सांगा, तो परत येईपर्यंत प्रश्न विचारत बसेल याची गॅरंटी माझी.

पण हे आपोआपचं प्रकरण दुसऱ्या बाजूनं पण बघा. जुलै-ऑगस्टमध्ये धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात डबा खायला बसणारी माणसं मी बघितलीत. दरवाजा तुमचा डबा संपायची वाट बघणार नाही. पावसाळ्यात लांबूनच बघा, चालायचं असेल तर दिवाळीनंतर या. पुढं दाजीपूरला जायचं मनात असेल तर तो अभयारण्याचा भाग आहे, गवे आहेत, तिथं पावसाळ्यात बंद असतं आणि एरवी पण आत पायी भटकायची मुभा नाही, त्यामुळं चार वर्षांच्या मुलीला घेऊन या वेळी धरणच पुरे.

प्रश्न : दिवाळीत माळावर गेलो आणि सॉक्समध्ये एवढी कुसळं घुसली की सॉक्स टाकूनच द्यावे लागले. उपाय?

उपाय एकच, त्या दिवसांत लोकरी-सुती सॉक्स घालायचे नाहीत, गुळगुळीत कापडाची पँट आणि ती पायाशी बांधलेली. पण टाकून द्यायच्या आधी एक कुसळ घेऊन ओल्या तळहातावर ठेवायचं होतं. त्याची शेपटी पिळलेली असते, ओल लागली की तो पीळ सुटायला लागतो आणि कुसळ आपणहून गोल फिरतं, वाळलं की परत पीळ बसतो. असं फिरत फिरत ते टोक जमिनीत घुसतं आणि बी पेरलं जातं. तुमचा सॉक्स त्याला जमीन वाटला, एवढंच.

प्रश्न : सापांचं काय? बायको सोडत नाही.

वहिनींचं बरोबर आहे. माळावरच्या दगडांखाली फुरसं असतं, गवतात घोणस. दगड उलटायचे नाहीत, पाय टाकायच्या आधी काठी आपटायची, आणि गवत गुडघ्याच्या वर असेल तिथं वाट सोडायची नाही. चावलंच तर ब्लेड मारायची नाही, वर करकचून बांधायचं नाही, पळायचं पण नाही, गाडीत घालून थेट जिथं प्रतिविष मिळतं अशा सरकारी दवाखान्यात. जायच्या आधी वाटेवरचा असा दवाखाना कुठला ते विचारून ठेवा आणि त्याचा नंबर वहिनींकडं पण द्या, मग सोडतील. नाहीच सोडलं तर त्यांनाच बरोबर घेऊन कळंब्याला जा, वर सहा काकू आहेतच सोबतीला.