गोणपाटात सीडी घालण्याआधी

भावा, सांगलीची हळद पोत्यात भरतात तशी तुझ्या अल्बमची सीडी गोणपाटाच्या पिशवीत द्यायची कल्पना झकास आहे. मीही एकदा केली होती. महिन्याभरात तिघांनी सीडी परत आणून दिली, धाग्यांनी ओरखडून टाकलेली. आणि छापील बाजू जास्त नाजूक बरं का! माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो. चकाकत्या बाजूला निदान पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची जाडी असते. म्हणून आत न विणलेल्या मऊ कापडाचं पाकीट हवंच. बाहेर मग गोणपाट लाव नाहीतर खण.

सीडीचा व्यास 120 मिलिमीटर, मधलं भोक 15. छापखान्यात जाण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापून सीडी वीसदा आतबाहेर करून बघ. जाड कागद घडीवर फुटतो, क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी आधीच दाबून रेघ पाडणं, सांगायला विसरू नकोस.

1997 साली स्पिरिच्युअलाइज्ड या इंग्लिश बँडनं सीडी गोळीच्या पाकिटात दिली होती, मागचं फॉइल फोडून काढायची. सोबत औषधासारखी माहितीपत्रिका! वेष्टनच विनोद सांगतं.

मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या आकाराचं वेष्टन मात्र शंभर प्रतींसाठी डाय (कापायचा साचा) करून परवडायचं नाही. रविवारी कात्री घेऊन ये, हातानंच कापू.