तिथे आपला एक पैसाही नसताना झळ कशी बसते

तुमचा प्रश्न असा की मोठी वित्तसंस्था बुडाली की बातम्यांत गदारोळ होतो, पण ज्याची तिथे ठेव नाही, शेअर नाही, त्याचं नेमकं काय बिघडतं? मी अकोल्यात हिशेब आणि करसल्ल्याचं काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक टिप्परवाले, छोटे ठेकेदार आणि निवृत्त शिक्षक. त्यांच्या बाजूने उत्तर देतो. उदाहरण आयएल अँड एफएसचं घेतो, कारण सप्टेंबर 2018 पूर्वी यांच्यापैकी जवळपास कोणालाच ते नाव माहीत नव्हतं.

ही गल्लीतली पतपेढी नव्हती. सेंट्रल बँक, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी यांनी 1987 साली मिळून उभी केलेली संस्था, आणि पुढे एलआयसी तिची सर्वांत मोठी भागधारक. रस्ते, बोगदे, वीज प्रकल्पांत पैसा घालणं हा धंदा. 2018 च्या ऑगस्टपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च मानांकन होतं. सप्टेंबरच्या मध्यात ते ‘डी’वर आलं, म्हणजे देणी थकली. तीनशेहून जास्त कंपन्यांचा पसारा, कर्ज 91 हजार कोटींच्या घरात. 1 ऑक्टोबरला केंद्र सरकारने कंपनी न्यायाधिकरणात जाऊन जुनं संचालक मंडळ हटवलं आणि उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवं नेमलं. दुखणं साधं होतं. टोलचा पैसा पंधरा-वीस वर्षं थोडाथोडा येणार, आणि कर्ज मात्र बरंचसं कमी मुदतीचं. जुनं फेडायला नवं काढायचं, कोणी देतंय तोवर.

आमच्या भागाला झळ बसली ती रस्त्यावर. अमरावती-चिखली महामार्ग चौपदरी करायचं काम याच समूहातल्या आयटीएनएल या रस्ते बांधणाऱ्या कंपनीकडे होतं. मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर, खामगाव, मलकापूर असा सगळा पट्टा. समूहाची ओढाताण सुरू झाली आणि काम रखडलं. पुढे ते दुसऱ्या ठेकेदारांना तुकड्यातुकड्यांनी दिलं गेलं. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, ती बातमी देशभर गेली. त्याआधी धुळीतून आणि खड्ड्यांतून पेशंटला अकोल्याला आणणाऱ्यांनी काय सोसलं, त्याची बातमी झाली नाही.

आता अशा कामात पैसा खाली कसा येतो ते बघा. मुख्य कंपनी मोठ्या ठेकेदाराला काम देते, तो तुकडे पाडून पेटी ठेकेदारांना देतो, आणि त्यांच्या हाताखाली टिप्पर, जेसीबी, पाण्याचा टँकर लावणारे असतात. सर्वांत खालच्याचा करार तोंडी. फेऱ्यांच्या चिठ्ठ्या जमवायच्या, वरच्याचं बिल निघालं की आपले मिळणार. बिल अडलं तरी टिप्परचा हप्ता ठरलेल्या तारखेला कापला जातोच. पंपावरची डिझेलची उधारी आणि ड्रायव्हरचा पगारही थांबत नाही. दोन-तीन हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. एकदा एक जण अशाच एका बंद पडलेल्या कामाच्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. रबर लावलेले गठ्ठे, प्रत्येकीवर पेनाने गाडी नंबर आणि ‘मुरूम 1 फेरी’. ना शिक्का, ना कंपनीचं नाव. न्यायाधिकरणात दावा लावायला कागद लागतो, आणि त्या पिशवीत तसा एकही नव्हता. माझ्या मते संस्था बुडते तेव्हा सर्वांत जास्त हाच माणूस मरतो, आणि घेणेकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव कुठेच नसतं.

दुसरी झळ उधारीच्या बाजारातून येते. आयएल अँड एफएसचा धसका ताजा असतानाच, 21 सप्टेंबर 2018 रोजी, एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचे अल्पमुदतीचे रोखे चढ्या व्याजदराने, म्हणजे स्वस्तात, विकल्याची बातमी पसरली आणि त्या कंपनीचा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त पडला. मग फंडांनी सगळ्याच फायनान्स कंपन्यांना पैसा देताना हात आखडता घेतला. या कंपन्यांकडून बिल्डरांना मिळणारा पैसा आटला, अर्धवट इमारती तशाच राहिल्या, आणि घर घेणारा एकीकडे भाडं, एकीकडे हप्ता भरत बसला. ऑगस्ट 2019 मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घटली. त्याला इतरही कारणं होती, पण वाहनकर्ज आखडलं हे त्यातलं मोठं. चाकण-पिंपरीत कारखाने काही दिवस बंद ठेवले जात होते, आणि अशा वेळी कंत्राटी पोरांना आधी घरी बसवतात.

डीएचएफएलने स्वतः जून 2019 मध्ये व्याज थकवलं, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं, 2021 मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली. मुदतठेवीदारांच्या एकूण दाव्यांपैकी चौथा हिस्साही परत आला नाही. उत्तर प्रदेशच्या वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे 2,200 कोटींहून जास्त तिथे अडकले होते. त्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी तिथे स्वतःहून ठेव ठेवायला गेलं नव्हतं. म्हणून तुम्ही ‘माझी तिथे ठेव नाही’ म्हणता, ते एकदा तपासून घ्या. पीएफ कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असेल तर पैसा कुठल्या रोख्यांत आहे ते लेखी विचारा. डेट फंडात, म्हणजे रोख्यांत पैसा लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपी असेल तर फंड दर महिन्याला गुंतवणुकीची यादी जाहीर करतो, ती उघडून वाचा.

निवृत्त मंडळींना मी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा आहे, तोही फेब्रुवारी 2020 पासून. आधी तो 1 लाखच होता. फायनान्स कंपनीच्या ठेवीला असा विमा अजिबात नाही. एजंट जास्तीच्या एक-दीड टक्का व्याजाबद्दल बोलतो, याबद्दल बोलत नाही.

आणि गृहकर्जच बुडालेल्या संस्थेकडून घेतलेलं असेल, तर ‘कंपनी गेली, आता कर्ज कोण मागणार’ असं म्हणून हप्ता थांबवू नका. कर्ज नव्या मालकाकडे जातं, आणि थकबाकीची नोंद तुमच्या सिबिलवर पडते. उलट लगेच लेखी अर्ज करून खातेउतारा आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी मागवा. खरेदीखत आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) त्या यादीत आहेत का ते बघा, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.