साय धरलेली बिअर

प्रिय मित्रा,

घरी बनवलेल्या तुझ्या बिअरच्या पहिल्याच बॅचवर पांढरी, सुरकुतलेली साय धरली आणि "ही प्यायलो तर आजारी पडेन का?" असं तू विचारलंस. बहुतेक नाही पडणार. धास्ती वाटली ते बरंच झालं, फक्त तू भलत्याच गोष्टीला घाबरला आहेस.

बिअर घडतेच अशी, की रोगजंतूंना तिच्यात थारा मिळत नाही. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी, म्हणजे वर्ट, तासभर खळखळून उकळतं. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा बऱ्याच जिवाणूंना वाढू देत नाही. मग यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं आणि पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ४.५च्या आसपास किंवा खाली आणतं. एवढ्यातून तरतात ते लॅक्टोबॅसिलससारखे जीव. ते बिअर आंबट करतात, माणसाला आजारी करत नाहीत. तुझी साय अशांचीच असावी. नीट आंबली असेल तर वास घे, चमचाभर चाख, नाही आवडली तर ओतून दे. मात्र हिरवी-काळी, लव आलेली बुरशी दिसली तर चाखायचीही नाही. तळाचा साका पोटात गेला तर गॅस होतो, कधी जुलाब.

मला काळजी वाटते ती यीस्ट घालण्याआधीची. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, आणि न आंबलेल्या वर्टचा पीएच ५च्या वर असतो. ते हवाबंद करून बाहेर तसंच ठेवू नकोस. गार झालं की लगेच यीस्ट घाल. बुरशी लागलेलं धान्यही नको, तिचं विष उकळून जात नाही. १९०० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर भागात बिअर पिऊन हजारो लोक आजारी पडले, आणि ती घरची नव्हे, कारखान्यातली बिअर होती. तिच्यातली साखर बनवताना वापरलेल्या सल्फ्युरिक आम्लातून आर्सेनिक आलं होतं. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचं म्हणशील, तर धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं.

आणि बाटल्या! मी एकदा घाईने, आंबणं पुरं व्हायच्या आत बाटल्या भरल्या. रात्री कपाटात आतल्या गॅसच्या दाबाने एक फुटली आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन. सकाळी पाहिलं तर काचेचा बोटभर तुकडा लाकडी दारात रुतून बसला होता. तिथे कुणाचा चेहरा असता तर, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही, तरच भर. बाटलीत फेस धरण्यासाठी घालायची साखर लिटरला सहा-सात ग्रॅम, मोजूनच.

आता एक कर. तुझ्या भांड्याचा नळ पूर्ण सुटा कर आणि आतल्या रबरी चकतीमागे बघ. तपकिरी, चिकट थर सापडला तर साय कुठून आली ते कळेल. चकती बदल, नळ धू, मग पुढचं माल्ट भिजव.

तुझा,
जुना सोबती