रोजच्या जगण्यावरचे संथ माहितीपट लोक कसे बघतात? मला वीस मिनिटांत कंटाळा येतो, माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाहीये. पहिली वीस मिनिटं मलाही जड जातात, अजूनही. पडद्यावर कुणी दार उघडलं की आत काहीतरी घडणार, अशी आपल्या डोळ्यांना सवय लागलेली असते. इथे माणूस दार उघडून आत जातो आणि भांडी घासायला बसतो. ती सवय सुटेपर्यंत कंटाळा येणारच.

मला हा प्रकार कळला तो 'मनकामना' (2013) बघताना. नेपाळमध्ये मनकामना देवीच्या मंदिराकडे जाणारा रोपवे आहे. त्याच्या डब्यात बसलेली माणसं, एवढाच विषय. अकरा फेऱ्या, कॅमेरा समोर स्थिर, निवेदन नाही की मुलाखत नाही. 16 मिलिमीटर फिल्मचं 400 फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं आणि रोपवेची फेरीही जवळपास तेवढीच. म्हणजे प्रसंग मुद्दाम ताणलेला नाही, प्रवासाला लागतो तेवढाच वेळ तो घेतो.

सुरुवातीला एक वयस्कर गृहस्थ आणि एक मुलगा, दोघांत चकार शब्द नाही. मी चुळबुळत होतो. पुढे एका फेरीत दोन बायका कांडीवरचं आइस्क्रीम खातात. ते भराभर वितळतं, हातावर ओघळतं, त्या सावरू बघतात आणि हसू लागतात. मीही हसलो. तोवर दुसऱ्याच्या हातांकडे इतका वेळ मी कधी बघितलंच नव्हतं. आता कंटाळा आला की मी चेहरा सोडून हात बघतो. खरंच उपयोग होतो.

संथ आहे म्हणून चांगलाच, असं मात्र नाही. काही माहितीपट नुसते रेंगाळतात. दिग्दर्शकाला समोरच्या माणसाबद्दल कुतूहल आहे की नाही, हे दहा मिनिटांत जाणवतं. फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाने 1984 मध्ये फ्रान्सच्या एका मठात चित्रीकरणाची परवानगी मागितली होती, होकार आला सोळा वर्षांनी. मग तो तिथे एकटाच राहिला, वेगळे दिवे न लावता चित्रीकरण केलं. त्यातून झालेला 'इंटू ग्रेट सायलेन्स' (2005) बघताना ती वाट बघणं प्रत्येक दृश्यात दिसतं.

दमलेले असताना बघू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि 'मनकामना' लावलात तर निदान त्या आइस्क्रीमपर्यंत थांबा. मग बंद केलात तरी चालेल.