एकमताचा ठराव लिहू नकोस

प्रिय बाय,

डोंगर कापून येणाऱ्या बिल्डरच्या प्रकल्पावरून ग्रामसभेत आरडाओरड झाली, बैठक अर्ध्यावर गुंडाळली गेली आणि आता ‘गाव एक आहे’ असं निवेदन लिहायचं काम तू अंगावर घेतलंस. वर तत्त्वज्ञ रूसोचा आधार: गट पडले की सर्वांचं हित हरवतं. रूसो तसं म्हणतो खरा. पण लोकशाही भांडणाने बिघडली, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. भांडण इतिवृत्तात न लिहिता सभा संपवली, तिथे ती बिघडली.

इटलीचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली म्हटलं की लोकांना नुसतं कपट आठवतं. त्यानेच प्राचीन रोमबद्दल लिहून ठेवलंय की सामान्य लोक आणि उमराव यांच्या तंट्यामुळेच ते प्रजासत्ताक स्वतंत्र राहिलं. थोरांना हुकमत हवी असते, सामान्यांना कुणाची हुकमत नको असते. म्हणून स्वातंत्र्याची राखण सामान्यांकडे द्यावी, असा त्याचा हिशेब. इ.स.पू. ४९४ ची परंपरेने सांगितलेली गोष्ट तुला ठाऊक असेल. कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे रोमचे सामान्य लोक, शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. समजूत घालायला आलेल्या मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोट आणि अवयवांची कथा सांगितली: हातपाय पोटावर रुसले तर सगळं शरीरच खंगतं. म्हणजे तुझं निवेदनच की! कथा ऐकून ते विरघळले असतीलही, पण परतले ते करार पदरात पाडून. स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांची बाजू राखणारे अधिकारी, मिळाले, आणि त्या पदावर उमरावांना बसता येत नव्हतं.

आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत होतं. माणूस भला. त्याने आम्हाला कधी हाकललं नाही, कधी आवाज चढवला नाही. तरी मातीची भिंत पाडून चिऱ्याची बांधायची तर बाबा आधी त्याच्या पडवीत जाऊन उभे राहायचे. परवानगी दरवेळी मिळायची. ‘मग तक्रार कसली?’ असं मला अजून विचारतात, शिकलेले लोकसुद्धा. अरे, मागावी लागायची हीच तक्रार! उद्या त्याचा मुलगा वेगळा निघाला असता तर? दुसऱ्याच्या चांगुलपणावर टिकलेलं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नसतं. भाटकाराच्या जमिनीत असं घर करून राहणारा तो गोव्यात मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्याने आम्हाला बेदखलीपासून संरक्षण दिलं, घर आणि त्याभोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क दिला. तो कायदा गावच्या एकोप्यातून आला नाही. कूळ-मुंडकारांचं हित भाटकारांपेक्षा वेगळं आहे, हे उघड बोललं गेलं, त्यावर मतं मागितली गेली, म्हणून आला. तेव्हाही ‘गाव फोडू नका’ म्हणणारे होतेच.

मलाही पुढे गाव फोडणारा म्हणाले. लग्नांची आमंत्रणं कमी झाली. म्हणू देत. ज्याची मागणी कागदावर चढली, त्याला पुन्हा पडवीत उभं राहावं लागलं नाही, एवढं मी पाहिलंय.

आपल्या जुन्या गांवकरीला, म्हणजे मूळ घराण्यांच्या गावसंस्थेला, तू ‘ग्रामप्रजासत्ताक’ म्हणतेस, तेव्हा माझा पारा चढतो. सामाईक जमीन, बांध, मानशी (खाडीचं पाणी आवरणारी दारं) यांची व्यवस्था तिने शतकानुशतकं राखली, हे कौतुक खरं. पण तिथे आवाज मूळ घराण्यांतल्या पुरुषांचा. मुंडकार सभेत नव्हता, तुझी आजीही नव्हती. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गोडव्यांवर जो घणाघात केला, तो एकदा वाच आणि मग ठरव.

खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्यांना जागेचे कागद मिळाले, त्यांनी सभेला येणं सोडलं. आता त्यातलेच काही मागे खोल्या बांधून भाड्याने देतात आणि भाडेकरू सभेत उठला की ‘भायलो’ (बाहेरचा) म्हणून खाली बसवतात. तुझ्या पत्रात त्या भाडेकरू मजुरांबद्दल एकच ओळ आहे: ‘बिल्डरच्या बाजूने ओरडत होते.’ ते नळाचं पाणी मागत होते, हेही तूच पुढे लिहिलंयस! प्रकल्प आला की पाइपलाइन येईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे, तो ग्रामसभेचा सभासद. तिथे घराणं विचारत नाहीत. डोंगर कापायला तुझा विरोध आहे, माझाही आहे. पण त्यांचं पाणी त्या विरोधाखाली गाडू नकोस. ते तुझ्या बाजूला येतील की नाही, मला माहीत नाही. आले नाहीत तरी मागणी लिहिली गेलीच पाहिजे.

तेव्हा ते निवेदन फाड. दोन ठराव लिही: प्रकल्पाविरुद्धचा एक, भाड्याच्या खोल्यांना पाणी देण्याचा दुसरा. पंचायत सचिवाकडे आधीच लेखी दे, पोच घे. सभेत हात वर करून मोजणी माग. बाजूने किती, विरोधात किती, दोन्ही आकडे इतिवृत्तात आले पाहिजेत. ‘सर्वानुमते’ असं लिहायला लागले तर तिथेच उठून हरकत घे, आणि ती हरकतही लिहून घ्यायला लाव. नंतर माहिती अधिकारात प्रत माग.

मसुदा आधी मला दाखव. आणि शुद्धलेखन तपासून पाठव. पत्रात ‘मुंडकार’ प्रत्येक पानावर वेगळा लिहिलायस.

तुझे,
सर